अदृश्याचा माग : पोकळ प्रकाशनलिका आणि विरळ वायू

हवा ही आपल्या इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, की तिच्यात काय काय मिसळलेले आहे याचा विचार आपण सहसा करीत नाही. पाणी गढूळ असले तर डोळ्यांना दिसते, अन्न आंबले तर जिभेला कळते. परंतु हवेत एखादा घातक वायू लाखात एक किंवा कोटीत एक या प्रमाणात शिरला, तर तो ओळखायचा कसा? प्रश्न रसायनशास्त्राचा वाटतो. पण माणसाच्या जगण्यामरण्याशी त्याचा संबंध आहे. म्हणूनच कलाशाखेच्या नियतकालिकात त्याची चर्चा करणे अस्थानी ठरू नये.

या प्रश्नाचे एक अत्यंत सुंदर उत्तर गेल्या तीसएक वर्षांत आकाराला आले आहे. केसाहून थोडी जाड अशी एक पोकळ नळी घ्यावी, तिच्या आतल्या पोकळीत तपासावयाचा वायू भरावा आणि त्याच पोकळीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडावा. पलीकडच्या टोकाला प्रकाश किती उरला एवढे मोजले, की वायू कोणता आणि किती, याचा हिशेब लागतो. हे कसे घडते आणि त्यासाठी नळीच का हवी, ते समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

जिवंत उपकरणे

हवा पारखण्याचे माणसाचे उपजत साधन म्हणजे नाक. पण हे साधन मोठे बेभरवशाचे आहे. कार्बन मोनॉक्साइड या प्राणघातक वायूला वासच नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा उग्र वास आहे खरा. परंतु त्याचे प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असे समजून माणूस पुढे पाऊल टाकतो आणि ते त्याचे शेवटचे ठरते.

यावर तोडगा म्हणून ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी नावाचे चिमुकले पक्षी पिंजऱ्यातून खाली नेत असत. पक्ष्याचा श्वासोच्छ्वास जलद, देह लहान. त्यामुळे विषारी वायूचा परिणाम माणसाच्या आधी त्याच्यावर होई. पक्षी कोसळला की खाणकामगार मागे फिरत. हे पक्षी हटवून त्यांच्या जागी यंत्रे आणण्याचा निर्णय १९८६ साली जाहीर झाला, हे वाचून आश्चर्य वाटते. चंद्रावर माणूस जाऊन आल्यानंतर सतरा वर्षेपर्यंत हवेची परीक्षा पाखराच्या प्राणावर चालली होती!

आपल्या देशातील उदाहरण याहून दारुण आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या कारखान्यात लहानसहान गळती कामगार कशी ओळखत, हे पुढील चौकशीत उजेडात आले. डोळे चुरचुरू लागले, पाणी वाहू लागले, की कुठेतरी गळती आहे असे समजायचे! म्हणजे कॅनरीची जागा माणसाच्या डोळ्यांनी घेतली होती. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती, शीतयंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा नादुरुस्त होता. तेव्हा एखादे शोधयंत्र असते तर सारे टळले असते, असा दावा येथे करावयाचा नाही. पण जिवंत देहालाच उपकरण बनविण्याची पाळी माणसावर येऊ नये, ही या साऱ्या शास्त्रीय खटाटोपामागची खरी निकड आहे.

प्रत्येक रेणूची सही

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. हेच अवरक्त किरण. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा अवरक्त पट्टा साधारणपणे ३ ते १२ मायक्रॉनांचा आहे.

या किरणांना वायू अडवतात काय, याची पद्धतशीर परीक्षा १८५९ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल याने केली. त्याची रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुमारे चार फूट लांबीची, आतून चकचकीत घासलेली पितळी नळी. तिची दोन्ही तोंडे सैंधवाच्या, म्हणजे खनिज मिठाच्या, पारदर्शक चकत्यांनी बंद केलेली. एका बाजूला उष्णतेचा उगम आणि दुसऱ्या बाजूला ती मोजणारे विद्युत्‌यंत्र. चकत्या मिठाच्या अशासाठी, की साधी काच हे किरण अडवते. नळीत शुद्ध ऑक्सिजन किंवा नायट्रोजन भरला तर किरण जवळजवळ जसेच्या तसे पार होत. पण पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड किंवा एथिलीन थोडेसे जरी आत सोडले, तरी यंत्राचा काटा हलून किरण शोषले गेल्याची साक्ष देई. टिंडलच्या आधी, १८५६ मध्ये, अमेरिकेत युनिस फूट या विदुषीने काचेच्या नळकांड्यांत वायू भरून आणि ती उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइड अधिक तापतो हे दाखवून दिले होते. तिचे नाव मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिले.

असा भेदभाव का व्हावा? रेणू म्हणजे स्प्रिंगांनी जोडलेले अणूंचे गोळे अशी कल्पना करावी. प्रत्येक जोडणीला स्वतःचे असे एक आंदोलन असते. तंबोऱ्याची तार जशी ठराविक स्वरालाच झंकारते, तसा रेणू ठराविक तरंगलांबीचाच अवरक्त प्रकाश शोषून घेतो. मात्र त्या आंदोलनाने रेणूतील विद्युत्‌भाराची मांडणी बदलली पाहिजे. तरच प्रकाशाला त्याच्यावर पकड घेता येते. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्या रेणूंत दोन सारखेच अणू असल्यामुळे हा बदल घडत नाही आणि ते अवरक्त प्रकाशाला जणू अदृश्य राहतात. ही निसर्गाची मोठीच कृपा म्हटली पाहिजे. हवेचा नव्व्याण्णव टक्के भाग या दोन वायूंचा आहे. तोच मध्ये आला असता तर उरलेल्या विरळ वायूंचा पत्ता लागणे कठीण झाले असते.

इतर वायूंची सही मात्र स्पष्ट असते. मिथेन ३.३ मायक्रॉनांजवळ, कार्बन डायऑक्साइड ४.२६ जवळ, कार्बन मोनॉक्साइड ४.७ जवळ, नायट्रिक ऑक्साइड ५.३ जवळ, ओझोन ९.६ जवळ, तर एथिलीन १०.५ मायक्रॉनांजवळ प्रकाश शोषते. भोपाळच्या त्या विषाची सही ४.४ मायक्रॉनांजवळ आहे.

अडचण लांबीची

सही ठाऊक असूनही ती वाचता येणे सोपे नाही, कारण मजकूर फार फिका असतो. बुगेर, लँबर्ट आणि बेअर या तिघांच्या नावाशी निगडित असलेला नियम असे सांगतो, की शोषण दोन गोष्टींवर अवलंबून असते : वायूचे प्रमाण किती आणि त्या वायूतून प्रकाशाने केलेली वाटचाल किती. वाटेत जितके अधिक रेणू भेटतील तितका प्रकाश अधिक मंदावेल. प्रमाण आपल्या हातात नसते. ते तर शोधून काढायचे असते. हातात राहते ती फक्त लांबी.

अब्जात एक भाग म्हणजे किती सूक्ष्म, याची कल्पना कालमानावरून येईल. सुमारे बत्तीस वर्षांत जितके सेकंद होतात, त्यांतला एक सेकंद म्हणजे अब्जात एक. एवढा विरळ वायू वीतभर अंतरात प्रकाशाला काय अडवणार! तेव्हा वाट लांब हवी. १९४२ साली व्हाइट या शास्त्रज्ञाने तीन अंतर्वक्र आरशांची पेटी तयार केली. तिच्यात प्रकाश पुनःपुन्हा परतून दहा-वीस मीटरांची मजल मारतो. पुढे १९६०च्या दशकात हेरियटने दोन आरशांवर तेच साधले. या पेट्या उत्तमच आहेत आणि आजही वापरात आहेत. पण त्यांत बहुधा अर्धा लीटर ते कित्येक लीटर वायू भरावा लागतो, आरसे काटेकोर जुळवावे लागतात आणि पेटीतली हवा बदलायला वेळ लागतो. मिनिटाला ६० मिलिलीटर हवा ओढणारा पंप लावला, तर अर्ध्या लीटरची पेटी एकदा भरायला आठ मिनिटांहून अधिक काळ जाईल. गळती होत असताना आठ मिनिटे हा फार मोठा अवधी आहे.

थोडक्यात, पेच असा : वाट लांब हवी, पण जागा थोडी हवी. हा पेच सोडवायचा तर लांब परंतु अत्यंत अरुंद अशी वायूची खोली पाहिजे. म्हणजेच नळी!

पोकळ नळीत प्रकाश टिकतो कसा?

प्रकाशाला वळणावळणाच्या वाटेने नेता येते हे नवीन नाही. पाण्याच्या धारेत प्रकाश कोंडला जाऊन धारेबरोबर वळतो, याचे वर्णन जिनीव्हाच्या कोलाडॉनने १८४२ मध्ये केले. १९५४ साली नरिंदरसिंग कपानी या भारतीय शास्त्रज्ञाने लंडन येथे हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेण्याचे काम प्रसिद्ध केले. आजचे दूरध्वनी अशाच काचतंतूंवर चालतात. पण आपल्या कामाला हे तंतू दोन कारणांनी निरुपयोगी आहेत. एक तर सिलिकाची काच सुमारे अडीच मायक्रॉनांच्या पुढे प्रकाशाला अपारदर्शक होते. आणि आपल्याला हव्या त्या सह्या तर नेमक्या त्याच्या पुढे. दुसरे असे, की भरीव तंतूच्या पोटात वायू शिरणार कोठून?

मग तंतू पोकळच का करू नये? येथे एक अडथळा येतो. काचतंतूत प्रकाश अडकून राहतो तो काच भोवतालापेक्षा प्रकाशदृष्ट्या घन असते म्हणून. पोकळ नळीत परिस्थिती उलटी; आत हवा, बाहेर काच. त्यामुळे प्रकाश भिंतीतून पाझरून जाऊ पाहतो. तरीही तो बराचसा आत राखता येतो, कारण भिंतीला अगदी चाटून जाणारा किरण सहज परावर्तित होतो. तळ्याच्या काठी उभे राहून पायाशी पाहिले तर तळ दिसतो. तेच दूरवर नजर टाकली तर पलीकडच्या झाडांचे प्रतिबिंब दिसते. पाणी तेच, किरणाची तिरकस चाल मात्र वेगळी. अशा पोकळ नळ्यांचे गणित १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील मार्काटिली व श्मेल्टझर यांनी मांडले.

हे गणित प्रत्यक्षात उतरविण्यात जपानमधील तोहोकू विद्यापीठाचे मियागी आणि अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे हॅरिंग्टन यांच्या प्रयोगशाळांनी मोठा वाटा उचलला. रटगर्सच्या मंडळींनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली कृती तर एखाद्या कारागिराच्या कौशल्याची वाटावी अशी आहे. काचेची केशनलिका घ्यायची. तिच्यातून चांदीच्या क्षाराचे द्रावण आणि ती चांदी सुटी करणारे दुसरे द्रावण एकत्र सोडायचे. आरशाला कल्हई व्हावी तसा आतल्या भिंतीवर चांदीचा थर बसतो. नंतर आयोडीनचे द्रावण फिरवले, की त्या चांदीच्या वरच्या पापुद्र्याचे सिल्व्हर आयोडाइड बनते. हा पापुद्रा किती जाड ठेवायचा ते कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश न्यायचा आहे त्यावर ठरते. रस्त्यावरच्या ओल्या डागावर तेलाचा पातळ थर रंग दाखवतो, कारण थराच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मिळतात किंवा मारतात. तोच न्याय येथे परावर्तन वाढविण्यासाठी लावलेला आहे. अशा एक मिलिमीटर व्यासाच्या सरळ नळीतून एक मीटर अंतर गेल्यावरही १०.६ मायक्रॉनांचा नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश शिल्लक राहतो.

अर्थात अरुंदपणालाही मर्यादा आहे. नळीचा व्यास निम्मा केला तर प्रकाशाची हानी आठपट होते. आणि वळण जितके तीव्र तितकी हानी वाढत जाते. म्हणून व्यवहारात पाव-अर्ध्या मिलिमीटरपासून एक-दोन मिलिमीटरपर्यंतच्या नळ्या निवडतात.

चमच्यात सहा नळ्या

आता हिशेब पाहू. एक मिलिमीटर व्यासाच्या आणि एक मीटर लांबीच्या नळीतील पोकळी जेमतेम ०.७८५ मिलिलीटर भरते. चहाच्या एका चमच्यात अशा सहा नळ्यांतला वायू मावेल! मघाचाच पंप लावला तर ही नळी एका सेकंदाच्या आत नव्या हवेने भरून निघते. आठ मिनिटे कोठे आणि एक सेकंद कोठे! आरशांच्या पेटीतील लांब पल्ला येथे मिळत नाही हे खरे. पण नळीतला जवळजवळ प्रत्येक रेणू प्रकाशाच्या वाटेत असतो, एकही कोपरा वाया जात नाही.

प्रकाशाच्या उगमाचा प्रश्नही त्याच सुमारास सुटला. बेल प्रयोगशाळेत १९९४ साली फाइस्ट, कापासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वांटम कॅस्केड लेसर चालवून दाखवला. अर्धवाहकाचे अतिपातळ थर एकावर एक रचून हा लेसर बनवतात. थरांची जाडी बदलली की प्रकाशाची तरंगलांबी बदलते. म्हणजे ज्या वायूचा शोध घ्यायचा, त्याच्या सहीशी जुळणारा प्रकाश मागवून घेता येऊ लागला. नळीची चांदी आणि लेसरचे थर एकाच वर्षी जगापुढे आले, हा योगायोग मोठा फलदायी ठरला.

त्याचे फळ २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसते. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मिझाइकॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा लेसर एका पोकळ नळीशी जोडला. या नळीला चांदीऐवजी काच व प्लॅस्टिक यांच्या एकाआड एक थरांचे अस्तर होते. केवळ दीड मिलिलीटर नमुन्यात एथिल क्लोराइडचे अब्जात तीस भाग इतके प्रमाण तिने ओळखले. पुढे जर्मनीतील उल्म विद्यापीठात याच मंडळींनी २०१३ मध्ये आणखी एक सुटसुटीत रूप पुढे आणले. सुटी नळी वापरण्याऐवजी धातूच्या ठोकळ्यात नागमोडी खाच कोरायची, ती आतून गुळगुळीत चकाकवायची आणि वर झाकण बसवायचे. सारी वायूची खोली तळहातावर मावते. पडली तरी फुटत नाही.

एका उंदराचा श्वास

एवढ्याशा जागेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उल्म येथेच या खोलीचा उपयोग जखमी उंदरांच्या श्वासाची तपासणी करण्यासाठी झाला. गंभीर दुखापतीनंतर शरीर साखरेचा वापर कसा करते, हा वैद्यकातील महत्त्वाचा प्रश्न. त्यासाठी उंदराला जड कार्बन असलेले ग्लुकोज देतात. शरीराने ते वापरले म्हणजे उच्छ्वासातून जड कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कार्बनचा अणू जड असल्याने त्याच्या रेणूचे आंदोलन किंचित मंद असते आणि सही ४.२६ ऐवजी ४.३८ मायक्रॉनांकडे सरकते. दोन्ही सह्या मोजल्या की शरीरात काय चालले आहे ते रक्ताचा थेंबही न काढता समजते. माणसाच्या एका साध्या श्वासात सुमारे अर्धा लीटर हवा असते. उंदराच्या श्वासात एका मिलिलीटरचा जेमतेम पाचवा भाग. आरशांची मोठी पेटी अशा श्वासाने कधी भरायची?

माणसाच्या श्वासातही बरेच काही लिहिलेले असते. दम्याच्या काही रुग्णांत श्वासनलिकेचा दाह वाढला की उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड वाढते. प्रौढ माणसात ते अब्जात २५ भागांहून कमी असले तर विशिष्ट प्रकारच्या दाहाची शक्यता कमी आणि ५० हून अधिक असले तर जास्त, असा संकेत डॉक्टर पाळतात.

आपल्या कोकणातील आंब्याच्या अढीलाही हे शास्त्र लागू आहे. पिकणारे फळ एथिलीन सोडते आणि त्या एथिलीनने शेजारचे फळ पिकू लागते. एक फळ लवकर उतरले की सारी अढी घाई करते, ती यामुळे. कायद्याने बंदी असलेल्या कार्बाइडच्या पुडीतून मात्र ॲसिटिलीन निघते, आणि त्याची सही ३ व १३.७ मायक्रॉनांजवळ, म्हणजे एथिलीनहून निराळी आहे. फळ कोणत्या हवेत पिकत आहे याचे उत्तर प्रकाश देऊ शकतो.

उणिवा

या नळीची केवळ स्तुती करणे योग्य होणार नाही. दमट हवेतील पाण्याची वाफ अवरक्त पट्ट्यात ठिकठिकाणी स्वतःच्या रेघा ओढून ठेवते आणि दुसऱ्यांच्या सह्या झाकते. अमोनियासारखे वायू भिंतीला चिकटतात. नमुना बदलला तरी मागच्याची आठवण नळीत रेंगाळते. टिंडलच्या काळी बर्लिनच्या माग्नुसने हाच आक्षेप घेतला होता, की वाफ किरण शोषत नसून नळीच्या भिंतींवर व चकत्यांवर बसून फसवते. टिंडलचे म्हणणे अखेर खरे ठरले. तथापि भिंतीपासून सावध राहण्याचा तो इशारा आजही लागू आहे. शिवाय घरातली चांदीची भांडी जशी काळवंडतात, तशी गंधकयुक्त वायूंनी नळीतील उघडी चांदीही काळवंडते.

हायड्रोजन सल्फाइडची तर आणखी एक अडचण आहे. त्याचे अवरक्त शोषण फारच दुबळे. ब्राझील व जर्मनीतील संशोधकांनी त्यावर युक्ती काढली : जंबुपार किरणांच्या साहाय्याने त्याचे आधी सल्फर डायऑक्साइड बनवायचे आणि त्या वायूची ७.३ मायक्रॉनांजवळची ठळक सही धातूच्या नागमोडी खोलीत वाचायची.

समारोप

हा शेवटचा वायू मुद्दाम सांगितला. आपल्या शहरांतील गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत हाच वायू मिथेनच्या जोडीने साचतो. संरक्षक साधनांवाचून तेथे माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. तरीही गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही परतत नाही. खाणीतील कॅनरी निवृत्त झाली. येथे तिचे काम अजून माणूसच करीत आहे.

ते थांबवायला उपकरणे हवीत, ती स्वस्त व दणकट हवीत, आणि हे काम शास्त्रज्ञ करीत आहेत. पण उपकरण फार तर सांगेल, की आत उतरू नका. ते ऐकायचे की नाही, हे काम घेणाऱ्याने ठरवायचे असते, आणि त्याला ते ऐकायला लावणे हे समाजाचे, म्हणजे तुमचे-आमचे काम आहे. रेणूची सही वाचण्याची विद्या प्रयोगशाळेने दिली. तिची किंमत जाणणारे मन घडविण्याची जबाबदारी मात्र इतिहास, साहित्य आणि समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्यासारख्यांवरही आहे, हे विसरून चालणार नाही.